चुकीच्या शेजारची टीप

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला. त्यानंतरच्या चारपाच महिन्यांत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पेढीवरच्या दिवाणजींची नोकरी माझ्यामुळे जाता जाता राहिली. पेढी सुताची. टॉवेल-चादरीच्या कारखानदारांना सूत द्यायचे आणि त्यांच्याकडचा तयार माल विजापूर, कलबुर्गी, हैदराबादकडे धाडायचा, असा दुहेरी व्यवहार. बिलांचा प्रोग्राम मी लिहिलेला. दिवाणजी साठीला टेकलेले. घरी तेलुगू, पेढीवर मराठी, सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड आणि संगणकापुढे नाइलाजाने इंग्रजी, अशा चार भाषांत त्यांचा दिवस जायचा. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मीही म्हणतो.

झाले ते असे. नव्या कायद्यात प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला पंधरा अक्षरांचा क्रमांक मिळाला. तो बिलावर बरोबर आला, तरच माल घेणाऱ्याला त्याने भरलेल्या कराची वजावट मिळते. अण्णांच्या हातून सतरा बिलांवर हा क्रमांक चुकला होता. कुठे शून्याच्या जागी इंग्रजी ओ, कुठे एखादे अक्षर गळालेले. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी सरकारी पोर्टलने ती बिले घेतली नाहीत, आणि वेळ निभावून नेण्यासाठी ती नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांच्या खात्यावर टाकली गेली. वजावट बुडालेल्या गिऱ्हाइकांनी कराइतकी रक्कम अडवून धरली. मालक चारचौघांत अण्णांना बोलले. अण्णा किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाले, ''उद्यापासून नाही येत.''

मला बोलावले ते प्रोग्राममध्ये दोष आहे का हे बघायला. मी ठणकावून सांगितले की प्रोग्राम चूक दाखवतो. दाखवत होताच. क्रमांक चुकला की पडद्याच्या मधोमध एक चौकट येई : 'इनव्हॅलिड जीएसटीआयएन', आणि खाली 'ओके' असे बटण. पुढे जायला मात्र अडवत नसे, कारण नवे गिऱ्हाईक आधी अर्धामुर्धा क्रमांक सांगते आणि पक्का नंतर कळवते, तेव्हा बिल अडकू नये अशी मालकांचीच सूचना होती. सतरा वेळा ती चौकट आली असणार आणि सतरा वेळा अण्णांनी ती बंद केली असणार. हे कसे झाले ते कळावे म्हणून मी त्यांना विनंती करून एक दुपार त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

डाव्या हाताचे बोट कागदावर, उजवा हात कळफलकावर, नजर कागदावर. प्रत्येक रकान्यानंतर एंटर. चौकट आली तेव्हा अण्णांची नजर कागदावरच्या पुढच्या ओळीवर गेलेली होती, आणि पुढच्या रकान्यासाठी दाबलेल्या एंटरने ती चौकट मिटली. ''अण्णा, आत्ता काय आलं होतं?'' मी विचारले. ''कुठं काय आलं?'' ते म्हणाले. ते खरेच बोलत होते. मी लिहिलेली सूचना त्यांनी दुर्लक्षिली नव्हती. ती त्यांना कधी दिसलीच नव्हती.

त्या दुपारपासून एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाने माझी पाठ धरली : रकान्यातली चूक माणसाला सांगायची कुठे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत? संगणकाच्या जगात याचे एक उत्तर आहे ते 'टूलटिप' नावाच्या चिमुकल्या खिडकीत. ती खिडकी मराठी दिवाणजीच्या उपयोगी पडावी म्हणून काय काय करावे लागले, त्याची ही हकिकत आहे. साहित्याच्या वाचकाला हा विषय परका वाटेल, पण थोडे थांबावे. प्रश्न शेवटी भाषेपाशीच येऊन ठेपतो.

आधी त्या मधोमध येणाऱ्या चौकटीविषयी. ती उघडली की मागचा सगळा प्रोग्राम गोठतो. तिला उत्तर दिल्याशिवाय दुसरे काही करता येत नाही. विंडोज, मॅक, सगळीकडे हीच रीत. अण्णा उमेदीत मागावर बसलेले. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, ''म्हणजे बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो, तसं.'' तुलना चपखल होती. यंत्रमागावर आडव्या धाग्यावर नजर ठेवणारा एक काटा असतो. धागा नाही असे त्याला आढळले की माग बंद पडतो. ''पण माग थांबला म्हणून कुठं बिघडलं ते कळत नाही,'' अण्णांनी पुढे जोडले, ''त्यासाठी उठून बघावंच लागतं.'' माझी चौकटही थांबवत होती, आणि चुकीची जागा दाखवत नव्हती. भरीला, एका एंटरने पुन्हा चालू होणारा तो माग होता.

चुकीची जागा दाखवण्याची कला आपल्याकडे नवी नाही. जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की लेखकू चुकला तर अक्षर खोडत नसे. चुकलेल्या अक्षरांवर तो हरताळाचा पिवळा लेप देई. आज आपण एखाद्या तत्त्वाला हरताळ फासला म्हणतो, तो हाच हरताळ. एखादे अक्षर गळाले असेल तर त्या जागी काकपदाची छोटी खूण करून गळालेले अक्षर समासात लिहीत. वाचणाऱ्याचा डोळा ओळीवरच राहतो, खूण त्याला थोडे बाजूला नेते आणि परत आणते. वाचन थांबत नाही. व्यापाऱ्यांची रीत वेगळी. बिलाच्या तळाशी 'चु. भू. दे. घे.' एवढी चार अक्षरे छापली की सगळ्या संभाव्य चुकांची बेगमी एकदम झाली. चूक कोणाची, हा प्रश्नच त्यात नाही. द्यायचीही आहे आणि घ्यायचीही आहे. पोथीची रीत जागा दाखवते, बिलाची रीत दोष देत नाही. मला दोन्ही हव्या होत्या.

टूलटिप जन्मली ती चुका दाखवायला नव्हे. पडद्यावरच्या पट्टीत कात्री, फ्लॉपी, छपाईयंत्र अशी चित्रे येऊ लागली आणि कोणत्या चित्राचा अर्थ काय हे लोकांना कळेना. म्हणून चित्रावर माउस थबकला की त्याचे नाव सांगणारी छोटी चिठ्ठी दिसावी, अशी सोय निघाली. ॲपलने १९९१ साली मॅकच्या सातव्या आवृत्तीत व्यंगचित्रातल्या संवादासारखे फुगे आणले होते. ते मुद्दाम चालू करावे लागत, आणि चालू केले की माउस नेऊ तिथे फुगे फुटू लागत. मायक्रोसॉफ्टची चिठ्ठी साधी, चौकोनी, आणि टूलबारवरची म्हणून टूलटिप. विंडोज ९५ पासून ती घरोघरी पोचली. तिचा ठरीव रंग फिकट पिवळा होता. हरताळाशी त्याचा काही संबंध नाही, पण पोथ्यांची आठवण झाल्यावर मला तो रंग बदलावासा वाटला नाही.

पुढे फुगा विंडोजमध्येही आला, आणि २००१ च्या विंडोज एक्सपीने तो चुकांसाठी वापरला. पासवर्ड लिहिताना कॅप्स लॉक चालू राहिले असेल, तर रकान्याला टोक लावलेला फुगा येऊन तसे सांगे. फक्त अंकांसाठी असलेल्या रकान्यात अक्षर दाबले की इथे अंकच चालतात असा फुगा निघे. यातली मोठी गोष्ट अशी की तो फुगा कळफलक हिरावून घेत नाही. कर्सर रकान्यातच लुकलुकत राहतो. चूक सांगितली जाते आणि ती दुरुस्त करायला हात मोकळा असतो.

'टूलटिप'ला मराठीत काय म्हणावे, यावर मी फार डोके शिणवले नाही. 'टीप' हा शब्द आपल्याकडे आयताच आहे, आणि नशिबाने इंग्रजी शब्दाशी जुळूनही येतो. पानाखालची टीप आपण वाचतो. पोलिसांना कोणी टीप देतो. आणि टॉवेलच्या काठाला शिलाईयंत्रावर टीप मारली जाते. तिसरा अर्थ सोलापुरात सर्वांत जास्त चालतो. अण्णांना मी म्हटले, ''आता चौकट नाही येणार, टीप येईल.'' ते म्हणाले, ''मारा.''

मारणे सोपे नव्हते. माझा प्रोग्राम डेल्फी ७ या २००२ च्या साधनात बांधलेला. एस.टी.च्या लाल गाडीसारखे ते साधन : जुने, खडखडणारे, पण पोचवणारे. डेल्फीत प्रत्येक रकान्याला 'हिंट' लिहायची सोय आहे. तिथे मजकूर टाकला की टीप आपोआप दिसते. पण ती तीन बाबतींत आमच्या कामाची नव्हती.

पहिली बाब माउसची. तयार टीप माउस रकान्यावर अर्धा सेकंद थबकला की दिसते. अण्णांचा माउस दिवसातून दोनदा हालतो, सकाळी प्रोग्राम उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना. जो कळफलकावर जगतो त्याच्या दृष्टीने माउसची टीप म्हणजे बंद पाकिटातले पत्र. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये चुका दाखवण्यासाठी एक खास घटक आहे; तो रकान्याशेजारी लाल गोळ्यात उद्गारचिन्ह लुकलुकवतो. पण चूक काय, हे वाचायला माउस त्या गोळ्यावरच न्यावा लागतो. मला हा प्रकार कुणी दारात उभे राहून नुसते ''अहो, अहो'' ओरडावे तसा वाटतो.

दुसरी बाब वेळेची. डेल्फीची टीप अडीच सेकंदांत मावळते. डॉट नेटची पाच. शिवाय कोणतीही कळ दाबली की डेल्फी ती ताबडतोब मिटवते. चित्राचे नाव सांगायला एवढा वेळ पुरतो. चूक मात्र दुरुस्त होईपर्यंत समोर राहायला हवी, आणि नेमक्या दुरुस्तीच्या पहिल्याच कळीने ती गायब होऊन कसे चालेल?

यावर उपाय असा की डेल्फीच्या यंत्रणेकडून टीप मागायचीच नाही. टिपेची खिडकी ज्या साच्यातून निघते तो साचा खुला आहे. त्यावरून आपला साचा काढायचा, त्यातली एक खिडकी आपण स्वतः उघडायची, रकान्याच्या उजव्या कडेशी नेऊन ठेवायची आणि चूक मिटली की आपणच बंद करायची. खाली ठेवली तर पुढचा रकाना झाकला जातो, वर ठेवली तर आधीचा, म्हणून उजवीकडे. उजवीकडे पडदा संपत असेल तेवढ्यापुरती खाली.

इथे एक गंमत झाली. टीप ही फॉर्मचा भाग नसते, ती पडद्यावरची स्वतंत्र खिडकी असते. मालकांनी एकदा फॉर्म माउसने ओढून बाजूला सरकवला, आणि टीप जागच्या जागी अधांतरी राहिली. खाली कॅल्क्युलेटर उघडा होता. कॅल्क्युलेटरला पिवळी चिठ्ठी चिकटलेली : 'एक अक्षर कमी आहे.' मालक बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत होते. मग फॉर्म हलला की टीपही हलवणे आणि माणूस दुसऱ्या प्रोग्राममध्ये गेला की ती लपवणे, ही दोन कामे वाढली.

तिसरी बाब लिपीची, आणि तिने मला सर्वांत जास्त छळले. डेल्फी ७ युनिकोडच्या आधीच्या घडणीचे. त्याच्या रकान्यांत, बटणांवर, तयार टिपेत देवनागरी उमटत नाही. प्रश्नचिन्हांची रांग येते. त्याआधीच्या काळात आम्ही खास फाँट वापरून निभावून न्यायचो. त्यात आतून इंग्रजी अक्षरांचेच सांकेतांक असत आणि वरून त्यांना मराठी आकार चढवलेला असे. नेमका फाँट लागला तर मराठी, नाही तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. टीप विंडोजच्या स्वतःच्या फाँटात उमटे, म्हणून टिपेत हमखास चिवडा. व्हिज्युअल बेसिक ६ वाल्यांची तर याहून वाईट गत, कारण तिथे तयार टिपेचा फाँट बदलायची सोयच नव्हती. थेट विंडोजकडे जाऊन वेगळी खिडकी घडवून घ्यावी लागे.

स्वतःचा साचा असल्याचा फायदा इथे झाला. टिपेत मजकूर रंगवण्याचे काम आपल्या हाती आले, की डेल्फीला बगल देऊन विंडोजलाच सांगता येते : हे युनिकोडमधले वाक्य, हा मंगल फाँट, या चौकोनात काढ. जोडाक्षरे जुळवणे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेणे, रफार चढवणे, हे विंडोज २००० पासून विंडोजला येते. त्यामुळे प्रोग्रामचे सगळे अंग इंग्रजी आणि टीप तेवढी मराठी, असा विचित्र पण चालणारा संसार उभा राहिला.

पहिली मराठी टीप उमटली ती अशी : 'दान अक कमी आहत.' मी लिहिले होते, 'दोन अंक कमी आहेत.' टिपेची उंची अजून इंग्रजी फाँटाच्या हिशेबाने मोजली जात होती. इंग्रजी अक्षराला डोक्यावर फारसे काही नसते. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार यांची वस्ती, आणि खाली उकार, ऋकार. चौकोन लहान पडला, वरची वस्ती कापली गेली, आणि दोनाचे दान झाले. 'आहेत'चे 'आहत' झाले ते तर मला अर्थपूर्णच वाटले. उपाय सोपा होता : आधी त्याच फाँटात मजकूर मोजून घ्यायचा, मग खिडकी तेवढी करायची; अक्षर इंग्रजीपेक्षा दोनतीन अंश मोठे घ्यायचे आणि भोवती चार बिंदूंचा समास सोडायचा.

आकड्यांचा निर्णयही तेव्हाच करावा लागला. मराठी टीप म्हणून मी आकडे मराठी घातले होते. पण रकान्यात टाइप होणारे आकडे इंग्रजी, आणि मराठी एक हा घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. क्रमांकाविषयी बोलणाऱ्या टिपेत हा गोंधळ परवडणारा नाही. भाषाभिमान बाजूला ठेवून टिपेतले आकडे मी रकान्यातल्यासारखेच केले. कागदावर मी मराठी आकडेच लिहितो, तेव्हा वाचकांनी फार रागावू नये.

आता मजकूर. 'इनव्हॅलिड' या शब्दाला मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द 'अवैध'. मी तोच वापरला होता. दुसऱ्या एका दुकानात बिले करणाऱ्या मुलीने तो वाचला आणि घाबरून फोन केला, ''सर, या पार्टीचा नंबर अवैध आहे म्हणतंय. त्यांना माल द्यायचा का?'' अवैध दारू, अवैध वाळू, अवैध बांधकाम हे वर्तमानपत्रातले शब्द तिच्या रोजच्या वाचनातले. एक आकडा चुकीचा दाबला गेल्याने समोरचा सज्जन व्यापारी तिच्या लेखी गुन्हेगार ठरला होता. मग 'अमान्य' करून पाहिले. त्यात कोणीतरी वर बसून मान्यता देतो आहे असा वास येतो. 'चुकीचा' हा शब्द सरळ, पण तो पुन्हा जागा दाखवत नाही. तिन्ही शब्द निकाल सांगतात. पुढे काय करायचे ते एकही सांगत नाही.

पुढे काय करायचे ते सांगायला क्रमांकाची घडण कामी आली. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन स्थाने राज्याची : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६. पुढची दहा स्थाने म्हणजे पॅन : पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. तेराव्या स्थानी त्या पॅनवरची कितवी नोंदणी ते, चौदाव्या स्थानी सहसा झेड, आणि पंधरावे स्थान पडताळणीचे. याचा अर्थ, आठव्यापासून अकराव्या स्थानापर्यंत कुठेही ओ आला तर ते शून्यच असणार. प्रोग्रामला हे कळत असताना त्याने नुसते 'अवैध' म्हणून गप्प बसणे हा आडमुठेपणा झाला. आता टीप म्हणते : 'नववे अक्षर ओ आहे, तिथे शून्य हवे.' किंवा 'चौदाच झाली, पंधरा हवीत.'

पंधराव्या अक्षराची युक्ती वेगळी. आधीच्या चौदांपैकी प्रत्येकाला ० ते ३५ यांतली एक किंमत असते. त्यांना आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचे, प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी मिळवायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती ३६ च्या पटीत यायला जे कमी पडते ते शेवटचे अक्षर. एखादे अक्षर बदलले की ही बेरीज हमखास बिघडते; शेजारची दोन अक्षरे उलटसुलट झाली तरी जवळजवळ नेहमी बिघडते. पण बिघडली एवढेच कळते, कोणत्या अक्षरामुळे ते कळत नाही. इथे टिपेने फार शहाणपणा दाखवू नये. 'शेवटचे अक्षर बाकीच्यांशी जुळत नाही. कागदाशी ताडून पाहा.' प्रोग्रामला जेवढे ठाऊक तेवढेच त्याने बोलावे.

वाक्ये घडवताना मराठीने मला एक अनपेक्षित मदत केली. इंग्रजी प्रोग्राम म्हणतो, हा रकाना आवश्यक आहे, किंवा तुम्ही अमुक भरले नाही. मराठीत आपण म्हणतो, ''गाव लिहायचं राहिलं.'' या 'राहिलं'मध्ये कर्ता नाही. कोणी राहू दिले, का राहू दिले, याची चौकशी नाही. 'तारीख जुळत नाही', 'वजन जास्त झाले', 'दर टाकायचा राहिला' ही वाक्ये घरातली, कोणालाही न दुखावणारी. त्यांत तू की तुम्ही की आपण हा पेचही उरत नाही. साठीच्या अण्णांना आणि वीस वर्षांच्या मुलीला एकच टीप चालते. 'कृपया' मी सगळीकडून काढून टाकले. आमच्याकडे ''टाका की'' म्हणतात, आणि त्या 'की'मध्ये पुरेशी विनंती असते; पण 'की' छापायचे धैर्य मला झाले नाही.

टीप केव्हा दाखवायची, हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहिला. प्रत्येक कळीला तपासले तर तिसऱ्याच अक्षराला 'बारा कमी' म्हणून टीप भुंकू लागते. माणूस अजून लिहितो आहे एवढाही धीर नाही. रकान्यातून बाहेर पडताना तपासून, चुकल्यास बाहेरच पडू न देणे हा दुसरा टोकाचा मार्ग. अनेक प्रोग्राम तो घेतात, आणि मग बिल रद्द करायचे तरी आधी क्रमांक बरोबर करावा लागतो, असा चक्रव्यूह होतो. मी असे ठरवले : रकान्यातून बाहेर पडताना तपासायचे, जाऊ द्यायचे, पण रकान्याच्या कडेला पिवळी खूण ठेवायची. त्या रकान्यात परत आले की टीप उघडते. बिल पक्के करताना खुणा उरल्या असतील तर कर्सर पहिल्या खुणेपाशी जातो आणि एकच टीप दिसते. पाच चुकांच्या पाच टिपा एकदम उघडल्या की माणूस एकही वाचत नाही.

आणि मालकांची जुनी सूचनाही खरी होती. व्यवहारात कागद अर्धवटच येतात. ट्रकचा नंबर ट्रक भरल्यावर कळतो, गिऱ्हाइकाचा क्रमांक त्याच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर. म्हणून खुणा असलेले बिल 'कच्चे' म्हणून ठेवता येते. छापता येत नाही. चुकलेले आणि राहिलेले यांत फरक आहे, हे माझ्या पहिल्या प्रोग्रामला ठाऊकच नव्हते. आणखी एक तिसरा प्रकार असतो, संशयाचा. गिऱ्हाइकाचा क्रमांक २९ ने सुरू होतो, म्हणजे कर्नाटकातला, आणि बिलावर मात्र महाराष्ट्रातल्या विक्रीचा केंद्र-राज्य असा विभागलेला कर लावला आहे. हे बहुधा चूक असते, पण नेहमीच नाही. माल कुठे उतरला यावर ते ठरते. चूक निघाली तर आंतरराज्य कर नव्याने भरून आधीचा परत मागत बसावे लागते. तेव्हा टीप विचारते : 'गिऱ्हाईक कर्नाटकातले, कर महाराष्ट्राचा. बरोबर आहे?' प्रश्नचिन्हाची टीप अडवत नाही.

ही टीप सगळ्यांची सोय करते असे मात्र नाही. ओळखीतल्या एका दृष्टिहीन तरुणाने पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या सॉफ्टवेअरसह माझा प्रोग्राम चालवून पाहिला. टीप आली आणि त्याच्यासाठी काहीच झाले नाही. कर्सर रकान्यातून हलत नाही हा जो गुण मी मिरवत होतो, त्यामुळेच वाचक-सॉफ्टवेअरला नव्या खिडकीची खबर लागली नाही. शिवाय ती मी स्वतः रंगवलेली; विंडोजच्या दृष्टीने त्यात मजकूर नव्हताच, नुसते चित्र होते. म्हणजे मराठी उमटवण्याची माझी युक्तीच त्याच्या आड आली. आता एफ-२ दाबले की तेच वाक्य एका साध्या वाचनीय रकान्यात उघडते आणि कर्सर तिथे जातो. जुन्या साधनामुळे ते रोमन लिपीतल्या मराठीत असते, आणि यंत्र ते इंग्रजी थाटात उच्चारते. तो हसतो, पण त्याला कळते. २००९ च्या आवृत्तीपासून डेल्फी युनिकोडमय झाले आहे. सगळा प्रोग्राम तिकडे नेल्याशिवाय याला पक्का इलाज नाही, आणि ते काम मी दोन वर्षे टाळतो आहे.

अण्णा किल्ल्या परत घ्यायला तयार झाले, ते मी मालकांपुढे माझी चौकट आणि त्यांचा एंटर दाखवल्यावर. मालक त्यांना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर नवा मोठा पडदा आला.

मागच्या खेपेला मी पेढीवर गेलो तेव्हा अण्णा फोन खांद्याशी धरून विजापूरच्या एका गिऱ्हाइकाकडून क्रमांक लिहून घेत होते. रकाना भरला, पिवळी टीप उघडली. अण्णांनी चष्मा वर करून ती वाचली, आणि फोनवर कन्नडमध्ये समोरच्याला सांगितले की चौदाच झाली, एक राहिले, पुन्हा सावकाश सांगा. पलीकडून क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.